सॉफ्टबॉल : शालेय खेळाडूंसाठी मूलभूत नियम

सॉफ्टबॉल या नावामुळे एक गैरसमज सहज होतो. या खेळाचा चेंडू मऊ नसतो. 1887 साली अमेरिकेतील शिकागो शहरी एका बंदिस्त दालनात हा खेळ प्रथम खेळला गेला, तेव्हा मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून त्याचाच चेंडू करण्यात आला होता. पुढे खेळ मोकळ्या मैदानावर आला व चेंडू टणक झाला. महाराष्ट्रातील शालेय क्रीडा स्पर्धांत सॉफ्टबॉलचा समावेश आहे. तेव्हा खेळाचे नियम आणि ते मुलांच्या वयाशी कसे जुळवावयाचे, या दोन्ही गोष्टी शिक्षकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

मैदान व डाव

प्रत्येक संघाचे नऊ खेळाडू असतात. मैदानाच्या अंतर्भागात एक चौरस आखतात. त्याच्या एका कोपऱ्यावर होमप्लेट व उरलेल्या तिहींवर बेस असतात. चौरसाची बाजू 60 फूट, म्हणजे 18.29 मीटर असते. फलंदाज होमप्लेटजवळ उभा राहतो. पिचर चौरसाच्या आतून त्याच्याकडे चेंडू फेकतो. तिन्ही बेस क्रमाने स्पर्शून होमप्लेटला परतणाऱ्या खेळाडूची एक धाव होते. तीन खेळाडू बाद होताच दुसऱ्या संघाची फलंदाजी सुरू होते. असे सात डाव खेळले जातात.

चेंडूफेक व फलंदाजी

चेंडू खांद्यावरून फेकता येत नाही. हात कमरेखालून पुढे आणूनच तो सोडावा लागतो. होमप्लेटवरून, फलंदाजाची काख व गुडघा यांच्या दरम्यान गेलेला चेंडू त्याने मारला नाही, किंवा कोणताही चेंडू मारण्याचा प्रयत्न हुकला, तर ‘स्ट्राइक’ होतो. तीन स्ट्राइकला फलंदाज सर्वसाधारणपणे बाद ठरतो. या कक्षेबाहेरील, न मारलेला चेंडू ‘बॉल’ होय. चार बॉल झाल्यास फलंदाजास पहिला बेस मिळतो.

टोलवलेला चेंडू जमिनीवर पडण्यापूर्वी झेलल्यास फलंदाज बाद होतो. जमिनीवरचा चेंडू फलंदाजाच्या आधी पहिल्या बेसवर पोहोचला, तरीही तो बाद. बेस सोडून धावणाऱ्यास क्षेत्ररक्षकाने हातातील चेंडूने स्पर्श केल्यास धावणारा बाद होतो. पिचरच्या हातून चेंडू सुटण्यापूर्वी धावपटूने बेस सोडणे हाही दोष असून त्याबद्दल तो बाद दिला जातो.

वयानुसार सवलती

मोठ्यांची मापे लहानांना लावू नयेत, हे या खेळाचे महत्त्वाचे सूत्र आहे. प्रौढ महिलांच्या सामन्यात पिचर 43 फुटांवरून चेंडू फेकते. अमेरिकेतील युवा सॉफ्टबॉलमध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलींसाठी हे अंतर 35 फूट, तर बारा वर्षांपर्यंत 40 फूट ठेवतात. सर्वांत लहान गटाचा चेंडूही 12 ऐवजी 11 इंच परिघाचा असतो. लहान तळहातात मोठा चेंडू नीट बसत नाही. मग नेम चुकतो, बॉलवर बॉल पडतात आणि क्षेत्ररक्षक नुसते उभे राहतात. सवलतीमुळे खेळ सोपा होतो एवढेच नव्हे, तर तो सर्वांच्या वाट्याला येतो.

सुरक्षिततेचे नियम

फलंदाज व धावपटू यांनी हेल्मेट घालणे आणि कॅचरने मुखकवच व छातीरक्षक वापरणे यात तडजोड नसावी. पहिल्या बेसवर टक्कर टाळण्यासाठी जोडबेस वापरतात : पांढरा भाग क्षेत्ररक्षकाचा, रेषेबाहेरचा रंगीत भाग धावपटूचा. चेंडू खालून फेकल्याने खांद्यावर ताण येत नाही, हा समजही खरा नाही. एकाच मुलीकडून रोज चेंडूफेक करून घेणे योग्य नव्हे.

हेल्मेट दोनच असली, तर ती आळीपाळीने वापरावीत. पण हेल्मेटवाचून कोणासही फलंदाजीस उतरवू नये. ग्रामपंचायतीने सपाट, दगडगोटे वेचलेले मैदान उपलब्ध करून दिले, तर शिक्षकाचे निम्मे काम हलके होते. पहिल्याच दिवशी चेंडूचा मार बसलेले मूल पुन्हा मैदानाकडे फिरकत नाही, आणि त्याला गमावणे सामना गमावण्याहून अधिक हानीचे आहे.