निरोप पोचला, उद्धव थांबला

आजचे चिंतन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ४६ व ४७



श्रीकृष्ण मथुरेत आहेत आणि गोकुळ विरहात. त्यांना निरोप द्यायचा आहे. मी सर्वांच्या अंतरात आहे, त्यामुळे आपला वियोग झालेलाच नाही, असा त्याचा गाभा. एवढं मोठं ज्ञान! तरी देव नुसता निरोप धाडत नाहीत. उद्धवाचा हात हातात घेऊन त्यालाच जायला सांगतात.

उद्धव संध्याकाळी पोचतो. पहिली रात्र नंदबाबांशी बोलण्यात सरते. गोपी भुंग्याच्या आडून देवालाच टोमणे मारतात, तेही तो ऐकून घेतो. मग निरोप सांगतो. आणि काम झालं म्हणून परत फिरत नाही, काही महिने तिथेच राहतो.

हे वाचताना आमचा ऑनलाइन पारायणाचा ग्रुप आठवला. मागच्या वर्षी त्यातल्या एका दादाचे वडील गेले. ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. मीही 'आत्मा अमर आहे' असं लिहिलं आणि ऑफिसच्या मीटिंगला बसलो. नंतर त्याचा कॅमेरा बंदच असायचा. पण नाव 'ऑनलाइन' दिसायचं, म्हणून मी निश्चिंत!

दीड महिन्याने त्याच्या घरी गेलो. रिक्षाने पंधरा मिनिटं. तो म्हणाला, "मेसेज सगळ्यांचे आले रे. घरी आलेला तू पहिलाच." काय बोलावं सुचेना. दोन तास नुसता बसलो.

पडद्यावरची भक्ती खोटी नाही. २०२० च्या आषाढीला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, तेव्हा वारकऱ्यांनी घरूनच दर्शन घेतलं. अंथरुणाला खिळलेल्या आजीला उद्या व्हीआर हेडसेटमधून गाभारा दिसला, तर आनंदच आहे. देव सर्वत्र आहे, तो तिथेही भेटेल. पण दुःखात असलेला माणूस एकाच खोलीत असतो. तिथे कोणीतरी जावं लागतं.

आणि गंमत बघा, शिकवायला गेलेला उद्धवच शेवटी गोपींची चरणधूळ मिळावी म्हणून वृंदावनातली वेल व्हायला तयार होतो.

आजचा संकल्प : आपल्या ग्रुपमधलं गप्प झालेलं एक नाव शोधा. जवळ असेल तर घरी जा, परदेशात असेल तर फोन करा. आणि ज्ञान सांगायच्या आधी ऐका.

राम कृष्ण हरी 🙏