साथ ओसरली, आजी मात्र घरातच

‘लॉकडाऊनपर्यंत आई अगदी ठणठणीत होती हो.’ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरचे आजही असं सांगतात. ते बहुधा अर्धंच खरं असतं. अल्झायमर लक्षणं दिसण्याच्या कित्येक वर्षं आधी मेंदूत शिरलेला असतो. सकाळचं देऊळ, संध्याकाळचा कट्टा, गुरुवारचं भजनी मंडळ या ठरलेल्या दिनक्रमाने विसरणं झाकून नेलं होतं. मार्च २०२० मध्ये तो दिनक्रम तुटला आणि सगळं उघड्यावर आलं. चालणं-बोलणं थांबल्याने घसरणही वाढली.

मला खटकतं ते त्यानंतरचं. नातवंडं शाळेत गेली, ऑफिसं उघडली, आजी आतच राहिल्या. भाजी दारात येते, हयातीचा दाखला मोबाइलला चेहरा दाखवून मिळतो. सोय चांगलीच, पण बँकेत जायचं निमित्तही गेलं! त्यांना रोज ठरावीक वेळी, त्याच रस्त्याने हिंडवून आणा. सकाळचं ऊन मिळालं तर रात्रीची झोप सुधारायला मदत होते. सोबत कुणीतरी हवंच, शिवाय खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी. सुरुवात लग्नाच्या गर्दीने नको.

दोन-चार दिवसांतच कुणी बरळू लागलं, माणसं ओळखेना किंवा नुसतं गुंगीत पडून राहिलं, तर ‘आजार वाढला’ म्हणून गप्प बसू नका. याला आपल्याकडे वात झाला म्हणतात. करोनात काही वृद्धांना ताप-खोकल्याआधी हेच झालं. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, सोडियम उतरणं, पोट साफ नसणं, कारण काहीही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सर्दीवरच्या झोप आणणाऱ्या गोळ्यांनीही गोंधळ वाढतो. साथीच्या काळात फोनवरून सुरू झालेली ‘शांत राहायची’ गोळी अजून चालू असेल तर ती डॉक्टरांपुढे ठेवा. परस्पर बंद मात्र करू नका. आणि हो, नीट ऐकू येत नसेल तर कानात मळ आहे का तेही बघून घ्या.

सगळ्यांत अवघड प्रश्न वेगळाच. करोनात यजमान गेले, शेवटचं दर्शनही झालं नाही, आणि आजी रोज विचारतात, ‘हे अजून आले कसे नाहीत?’ पहिल्यांदा जवळ बसून, साध्या शब्दांत खरं सांगावं. पण ते लक्षात राहत नसेल, तर दरवेळी ‘अगं, ते गेले ना!’ म्हणू नये. त्यांच्या दृष्टीने ती बातमी दरवेळी ताजी असते, दुःखही तितकंच. ‘बाबांची आठवण येतेय का? त्यांना चहा कसा लागायचा गं?’ असं विचारा. त्या बोलत्या होतील. याला काही घरांत खोटेपणा म्हणतात. मी म्हणत नाही. त्या विचारतात तेव्हा पुष्कळदा माहिती नको असते, सोबत हवी असते.

राहिली सांभाळणारी. ती बहुधा सून किंवा मुलगी. तिला झोप नसेल, सारखी चिडचिड, रडू येत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. आजींना तपासायला आणाल तेव्हा तिचाही रक्तदाब मोजून घ्या. महिन्यातले चार दिवस दिराने किंवा भावाने आजींजवळ थांबावं. हे तिला मागायला लावू नका, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी ठरवून टाकावं.