एकाच भांड्यातला जंबलाया

जंबलायाची चव तांदूळ भांड्यात पडण्याआधीच ठरलेली असते. चिकन आणि सॉसेज परतताना तळाशी जो तपकिरी थर धरतो, त्यावर पुढचं सगळं उभं राहतं. तो थर नीट धरू दिला आणि नंतर खरवडून भातात उतरवला, तर मसाला थोडा कमीजास्त झाला तरी चालतं. तिथे घाई केली, तर मागाहून कितीही पेपरिका घातली तरी टोमॅटो घातलेला साधा पुलावच पानात येतो.

हा पदार्थ अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचा. तिथे त्याची दोन घराणी आहेत. न्यू ऑर्लिन्सचा क्रेओल जंबलाया टोमॅटोमुळे लाल असतो. खेड्यापाड्यांतला, दलदलीच्या मुलखातला केजन जंबलाया तपकिरी, त्यात टोमॅटो नसतो. रंग येतो तो फक्त मांस खरपूस परतल्यामुळे. न्यू ऑर्लिन्सवर १७६३ ते १८०३ या काळात स्पेनचा अंमल होता, त्यामुळे स्पॅनिश पाएयाशी याचं नातं जोडलं जातं. पण गुलाम म्हणून तिथे आणलेल्या पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांनी भातशेतीचं ज्ञान आणि एका भांड्यात भात शिजवण्याची रीत सोबत आणली होती, हे विसरून या पदार्थाचा इतिहास सांगता येत नाही. तिकडच्या जोलोफ भाताशी जंबलायाचं साम्य पहिल्या घासाला जाणवतं. इथे दिलेली कृती न्यू ऑर्लिन्सच्या पद्धतीची, लाल जंबलायाची आहे.

साहित्य (सहा जणांसाठी): बिनहाडाचं चिकन, मांडीचं, ७०० ग्रॅम; अँडुई सॉसेज ३५० ग्रॅम; लांब दाण्याचा तांदूळ २ कप; मध्यम कांदे २; सेलरीच्या काड्या ३; मोठी हिरवी ढोबळी मिरची १; लसणाच्या पाकळ्या ६; टोमॅटो ४०० ग्रॅम, बारीक चिरून, रसासकट; टोमॅटो पेस्ट १ मोठा चमचा; चिकन स्टॉक अडीच कप; पेपरिका २ छोटे चमचे; सुका थाइम आणि मिरपूड प्रत्येकी १ छोटा चमचा; केयेन मिरचीची पूड अर्धा छोटा चमचा; तमालपत्राची २ पानं; तेल २ मोठे चमचे; पातीचा कांदा आणि मीठ.

यातल्या तीन गोष्टींबद्दल आधी बोलायला हवं. अँडुई हे जाडसर, लसूण घातलेलं आणि भरपूर धुरावलेलं डुकराच्या मांसाचं सॉसेज. अमेरिकेत राहणाऱ्यांना ते मोठ्या दुकानांत सहज मिळतं. डुक्कर न खाणाऱ्यांसाठी चिकनचं किंवा टर्कीचंही असतं. भारतात धुरावलेलं कुठलंही जाड सॉसेज घ्यावं, पण गोव्याचं चोरिस घालू नये. चोरिस उत्तमच, मात्र त्यातला व्हिनेगरचा आंबटपणा सगळ्या भातावर चढतो आणि होतो तो चोरिस पुलाव. दुसरी गोष्ट तमालपत्राची. आपल्या तमालपत्राला लांबीला तीन शिरा असतात आणि वास दालचिनीकडे झुकतो. लुइझियानात वापरतात ते पान वेगळ्या झाडाचं, मधोमध एकच शीर असलेलं, वासाने सौम्य. आपलंच वापरायचं झालं तर अर्धं पान पुरे. आणि तिसरी गोष्ट म्हणजे तांदूळ: बासमतीचा सुवास इथे नको. लुइझियानात बरेच जण लांब दाण्याचा उकडा तांदूळ घेतात, कारण तो मोठ्या भांड्यातही मोडत नाही.

कृती: तांदूळ धुऊन चाळणीत निथळत ठेवा, भिजवू नका. सॉसेजच्या बोटभर जाड चकत्या करा. चिकनचे मोठे तुकडे करून कागदाने अगदी कोरडे पुसा आणि मीठ, मिरपूड आणि थोडी पेपरिका चोळा. तुकडा ओला राहिला तर तो परतला न जाता वाफवला जातो.

भांडं जाड बुडाचं आणि पसरट हवं. बिडाचं असेल तर सोन्याहून पिवळं. नॉनस्टिक मात्र नको, कारण तिथे थर धरतच नाही. मध्यम आचेवर तेल तापवून आधी सॉसेज घाला. चकत्यांच्या कडा गडद होऊन चरबी सुटली की काढून ठेवा. त्याच चरबीत चिकन घाला, एका वेळी निम्मंच. तुकडे ठेवले की चार-पाच मिनिटं हात लावू नका. खालची बाजू भाजली गेली की तुकडा आपोआप सुटतो. ओढावा लागत असेल तर अजून वेळ आहे. उलटून दुसरी बाजूही भाजा आणि काढून ठेवा. चिकन आतून कच्चं राहील, ते पुढे भातात शिजणारच आहे.

आता भांड्याच्या तळाकडे बघा. थर काकवीच्या रंगाचा असेल तर काम जमलं. काळा पडून जळका वास येत असेल तर भांडं धुऊन नव्या तेलात पुढे जा. तो कडवटपणा कशानेही झाकला जात नाही.

बारीक चिरलेला कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची एकदमच घाला. लुइझियानात या तिघांना होली ट्रिनिटी म्हणतात, तिथल्या बहुतेक स्वयंपाकाची सुरुवात यांनीच होते. चिमूटभर मीठ टाकलं की भाज्यांना पाणी सुटतं आणि थर सैल होऊ लागतो. लाकडी कालथ्याच्या सपाट कडेने तो खरवडत राहा. आठ-दहा मिनिटांत भाज्या मऊ होऊन तपकिरी दिसू लागतात. मग लसूण, टोमॅटो पेस्ट आणि सगळे सुके मसाले घालून पेस्टचा रंग विटकरी होईपर्यंत परता.

चिरलेले टोमॅटो, स्टॉक, तमालपत्र, सॉसेज आणि चिकन घालून उकळी आणा. आता पाणी चाखा. ते नुसतं प्यायला किंचित खारट आणि तिखट लागायला हवं, कारण तांदूळ बरंच मीठ ओढून घेतो. मात्र सॉसेज आणि स्टॉक दोन्ही खारट असतात, म्हणून मीठ चाखूनच वाढवा.

तांदूळ घालून एकदा हलवा, पुन्हा उकळी आली की आच अगदी मंद करा आणि घट्ट झाकण ठेवा. पंधरा मिनिटं झाकण उघडू नका. त्यानंतर रुंद कालथ्याने तळचा भात एकदाच वर आणा, ढवळू नका. ढवळल्याने दाणे मोडतात आणि भात चिकट होतो. कोळंबी घालायची असेल तर ती शेवटच्या पाच मिनिटांत भातावर पसरा. टोमॅटोच्या आंबटपणामुळे दाणा जरा उशिरा मऊ होतो, तेव्हा एकूण बावीस ते पंचवीस मिनिटं धरा. थर्मामीटर असेल तर चिकनच्या आत ७४ अंश सेल्सियस दिसायला हवं. आच बंद करून आणखी दहा मिनिटं झाकूनच ठेवा.

केजन पद्धतीने करायचं असेल तर टोमॅटो आणि पेस्ट वगळा, स्टॉक सव्वातीन कप घ्या आणि चिकन अजून गडद भाजा. गोन्झालेस या गावाला १९६८ साली राज्याच्या गव्हर्नरने जंबलायाची जागतिक राजधानी जाहीर केलं. तिथल्या स्पर्धेत लाकडाच्या जाळावर, बिडाच्या मोठाल्या भांड्यांत शिजतो तो हा तपकिरी प्रकार.

वाढताना वर पातीचा कांदा भुरभुरा आणि टबॅस्कोची बाटली जवळ ठेवा. तो सॉसही याच राज्यातल्या एव्हरी आयलंडवर १८६८ पासून बनतो. उरलेला भात दोन तासांच्या आत उथळ डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारून झाकणाखाली चांगला वाफाळेपर्यंत गरम करा.