बदललं तेवढंच धाडा

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड, दोन्हीकडे कार्यालय असलेल्या एका पतसंस्थेचे सर्व्हर मी सांभाळतो. रोज रात्री शहापूरची माहिती मुरबाडला आणि मुरबाडची शहापूरला जाते. मुरबाड तालुक्यातलं धसई १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की वाटते. इथल्या माणसाचा पैसा जर नोंदींमध्ये राहणार असेल, तर त्या नोंदी मुंबईतल्या बँकेइतक्याच जपल्या गेल्या पाहिजेत. इथली लाइन बारीक असली आणि पावसाळ्यात लाइट जात असली, तरीही. या कामातून जे उमगलं ते असं :

१. आधी भागाकार करा. १० एमबीपीएसच्या अपलोडवर सेकंदाला सव्वा एमबी जातो. एक टीबी पाठवायला आठ लाख सेकंद, म्हणजे सव्वानऊ दिवस लागतात. त्याच एक टीबीमधले दिवसभरात चार जीबी बदलले असतील, तर ते तासाच्या आत पोचतात. म्हणून पहिली पूर्ण प्रत मी लाइनवर चढवत नाही. डिस्क बॅगेत घालून किन्हवली-सरळगावमार्गे मुरबाडला नेतो. तारेवरून त्यानंतर फक्त बदल जातात.

२. बदल शोधण्यातच रात्र जाऊ नये. १९९६ साली अँड्र्यू ट्रिजेल यांनी आणलेलं आरसिंक हे फार गुणाचं साधन, पण ते फायलींची यादी तपासतं आणि बदललेली फाइल दोन्ही टोकांना वाचून काढतं. सभासदांच्या कागदपत्रांच्या लाखो बारीक फायली असल्या, की यादीच संपत नाही. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये खुली केलेली झेडएफएस ही फाइल सिस्टिम वेगळ्या वाटेने जाते. जुना ब्लॉक ती जागेवर खोडत नाही, बदल नव्या जागी लिहिते आणि ब्लॉक कधी लिहिला गेला याची नोंद त्याच्या पत्त्यासोबतच ठेवते. त्यामुळे स्नॅपशॉट, म्हणजे साठ्याचं त्या क्षणाचं गोठवलेलं रूप, घ्यायला क्षणभर लागतो, आणि कालच्या व आजच्या स्नॅपशॉटमधला फरक सगळा साठा न चाळता मिळतो. रोजकीर्दीत काल जिथे खूण घातली, तिथपासूनची पानं उचलावीत तसं. अर्थात, ही खूण दोन्ही बाजूंना शिल्लक हवी. जागा मोकळी करायच्या भरात पलीकडचा सामाईक स्नॅपशॉट उडवला, की पुन्हा पूर्ण प्रत आणि पुन्हा बॅग.

३. स्नॅपशॉट डे-एंडनंतर घ्या. व्यवहार चालू असताना घेतला तरी चांगला डेटाबेस त्यातून उभा राहतो, पण लाइट गेल्यावर सर्व्हर जसा उठतो तसा. दिवस बंद झाल्यावरची प्रत उघडली, की शिल्लक थेट जुळवून पाहता येते.

४. लाइन तुटणारच, असं धरून मांडणी करा. अर्धवट आलेली माहिती राखून ठेवायला स्वीकारणाऱ्या बाजूला आधीच सांगता येतं. मग लाइन आल्यावर ती बाजू एक टोकन देते आणि पाठवणं तिथूनच पुढे सुरू होतं. ही सोय चालू न करता पावसाळ्यात शिरू नये.

५. डीडुप्लिकेशनबद्दल सविस्तर सांगतो, कारण विक्रेते तोच शब्द सर्वांत जास्त वापरतात. एकच फाइल तीन फोल्डरांत असेल, तर ती एकदाच साठते, हे खरं. पण एकच रेशनकार्ड दोनदा स्कॅन केलं, तर ती यंत्राच्या लेखी दोन संपूर्ण वेगळी चित्रं असतात. तिथे एक बाइटही वाचत नाही. दुसरं म्हणजे मेमरी. झेडएफएसच्या जुन्या पद्धतीत दर ब्लॉकमागे सुमारे ३२० बाइट लागतात. १२८ केबीचे ब्लॉक धरले, तर एका टीबीचे ऐंशी लाखांवर ब्लॉक होतात आणि नुसत्या यादीलाच अडीच जीबी रॅम हवी. जानेवारी २०२५ च्या ओपनझेडएफएस २.३ मध्ये ही पद्धत सुधारली आहे. तरीही छोट्या सर्व्हरवर मी ती बंद ठेवतो आणि साधं कॉम्प्रेशन चालू ठेवतो.

तिसरी अडचण ठरावीक मापाच्या ब्लॉकची. डेटाबेसच्या डंपमध्ये, म्हणजे सगळ्या नोंदी उतरवलेल्या फाइलमध्ये, वर एक ओळ वाढली, की खालचं सगळं सरकतं आणि एकही ब्लॉक कालच्यासारखा उरत नाही. बोर्ग किंवा रेस्टिक ही बॅकअपची साधनं तुकडे पाडतात ते मजकूर पाहून, त्यामुळे ओळ वाढली तरी पुढचे तुकडे तेच राहतात. डंपसाठी मी त्यांनाच पसंती देतो. मात्र डंप झिप करून त्यांच्या हाती देऊ नये. झिपच्या सुरुवातीला थोडं बदललं, की पुढचं सगळं बदलतं. आधी तुकडे, मग कॉम्प्रेशन.

६. दुसरी प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. कुणी चुकून फोल्डर पुसलं, तर ते पुसणंही इमानेइतबारे मुरबाडला पोचतं. वाचवतात ते जुने स्नॅपशॉट. म्हणून रोजचे महिनाभर आणि महिनाअखेरचे वर्षभर ठेवावेत. मे २०१७ मध्ये फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस पसरला, त्यानंतर मी आणखी एक नियम पाळतो. माहिती ढकलायची नाही, पलीकडच्या यंत्राने ती ओढायची. शहापूरच्या सर्व्हरला मुरबाडचे स्नॅपशॉट पुसण्याचा अधिकारच नको.

७. एक प्रत घाटावर ठेवा. शहापूर आणि मुरबाडवर पडणारा पाऊस एकच असतो. २६ जुलै २००५ च्या महापुरासारखा दिवस उगवला, तर दोन्ही प्रती एकाच वेळी संकटात सापडतील. नाशिक किंवा पुणे पुरेसं लांब आहे. तिथे सभासदांची आधारची कागदपत्रं जाणार, तेव्हा ती इथेच एन्क्रिप्ट करावीत आणि किल्ली व्यवस्थापकांच्या तिजोरीत कागदावर ठेवावी.

८. दर महिन्याला मुरबाडच्या प्रतीतून शहापूरचं कामकाज वेगळ्या संगणकावर उघडा. ते तंत्रज्ञाने एकट्याने तपासू नये, शेजारी रोखपाल बसवावा. एखाद्या बचत गटाचं खातं काढून कालची शिल्लक त्यांनी पासबुकाशी ताडून पाहावी, आणि वहीत तारीख घालून सही करावी.