आजींचा आवाज कुठे ठेवला?

गेल्या वर्षी प्रोजेक्टसाठी मी धार आणि देवासला जाऊन आले. विषय होता तिथली मराठी. अठराव्या शतकात पवार घराण्याबरोबर माळव्यात गेलेली आणि मग हिंदी-माळवीत छान मुरलेली. आठ वयस्क मंडळींशी बोलले, सहा तासांचं रेकॉर्डिंग झालं. ते ऐकून लिहून काढायचा कंटाळा आला, म्हणून सगळं एका मोफत एआय टूलमध्ये टाकलं. दहा मिनिटांत काम फत्ते!

तोंडी परीक्षेत प्रश्न आला, ‘एआय वापरलंस का?’ मी म्हटलं, फक्त उतरवून घ्यायला. सरांनी मान हलवली, विषय संपला. पण देवासच्या एका आजींनी त्यात सुनेचं आजारपण आणि जमिनीचा वाद नावांसकट सांगितला होता. ती फाइल कुठे गेली, हे कोणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपल्याकडच्या नियमांचा रोख बहुतेक नकलेवर असतो. यूजीसीचे २०१८चे वाङ्मयचौर्याचे नियम पाहा. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर माफ, ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणी रद्द. त्यानंतर एआय आलं आणि तोच टक्केवारीचा तराजू त्यालाही लावला गेला. २०२४ मध्ये ओ. पी. जिंदल ग्लोबल युनिव्हर्सिटीतल्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याला ‘उत्तरं एआयची आहेत’ म्हणून नापास केलं. तो हायकोर्टात गेला, मग विद्यापीठाने त्याला पास केलं. पण उत्तर तपासण्यासाठी शिक्षक ते एखाद्या मोफत वेबसाइटवर चिकटवतात, तेव्हा विद्यार्थ्याचं लिखाण त्याला न विचारता बाहेर जातं. मी आजींच्या बाबतीत केलं तेच हे.

हार्वर्डने २०२३ मध्येच उलट्या बाजूने सुरुवात केली. गोपनीय माहिती, त्यात अप्रकाशित संशोधनही आलं, खुल्या एआय टूलमध्ये टाकायची नाही. मला हा क्रम पटतो. ‘कोणी लिहिलं?’ हे नंतर, ‘कोणाचं बाहेर गेलं?’ हे आधी.

आपला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. संमती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कारणापुरती आणि समजून घेतलेली हवी, असं तो म्हणतो. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो. म्हणजे मराठीतही! संशोधनाला सूट आहे, पण ठरवलेली मानकं पाळली तरच. या कामात आपल्या मराठी मंडळाला करण्यासारखं बरंच आहे, कारण आजींना कळेल असा संमतीचा कागद संगणक विभाग लिहिणार नाही.

देवासमध्ये सुरक्षा हा शब्द नवा नाही. नोटा छापणारी बँक नोट प्रेस, तिथल्या भाषेत बीएनपी, याच गावात आहे. कडक पहारा, झडती, सगळं आहे. तरी जानेवारी २०१८ मध्ये तिथल्याच एका अधिकाऱ्याला रद्द ठरलेल्या नोटा बुटात लपवून नेताना सीआयएसएफने पकडलं. भिंत बाहेरच्याने फोडली नव्हती. पासवर्ड आणि फायरवॉलच्या गप्पा ऐकताना मला तो बूट आठवतो. पापनिवेदनात ऐकलेलं फादर कुणालाही सांगत नाहीत, हे लहानपणापासून शिकलेली मी, आणि आजींचं बोलणं मात्र एका क्लिकमध्ये देऊन बसले.

नाताळच्या सुट्टीत पुन्हा देवासला गेले. आजींना सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, ‘अगं बेटा, त्या मशीनला आपली मराठी समजली का?’ मग थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, ‘सुनेचं तेवढं काढून टाक हं.’ लॅपटॉपमधून तो भाग काढला. टूलच्या खात्यातलीही फाइल पुसली, आणि स्क्रीनवर आलं, ‘तुमची विनंती नोंदवली आहे.’ आजींनी विचारलं, ‘निघालं?’