नुसता ठेवलेला बीम

‘सिम्प्ली सपोर्टेड बीम’ म्हटलं की आपण एका टोकाला त्रिकोण काढतो, दुसऱ्या टोकाला गोळा, आणि गणित सोडवायला घेतो. तो गोळा, म्हणजे रोलर, खरोखरच घरंगळला तर काय होईल हे पेपरात कधी विचारत नाहीत. इटलीतल्या एमिलिया भागात २०१२ साली त्याचं उत्तर मिळालं.

२० मे २०१२ रोजी पहाटे चारच्या सुमारास तिथे सुमारे ६ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. रविवार असूनही रात्रपाळीचे काही कामगार कारखान्यांच्या शेडखाली सापडून गेले. नऊ दिवसांनी, २९ मेला सकाळी नऊ वाजता, जवळपास तेवढाच दुसरा धक्का बसला. तोवर काही कारखाने पुन्हा चालू झाले होते. या वेळी पहिल्यापेक्षा जास्त माणसं दगावली, आणि त्यांतली बरीच कामावर होती.

या शेड प्रीकास्ट काँक्रीटच्या. कॉलम, बीम, छताचे तुकडे वेगळे ओतायचे, ट्रेलरवरून आणायचे आणि क्रेनने रचायचे. कितीतरी ठिकाणी बीम कॉलमच्या डोक्यावर नुसता ठेवलेला, फार तर मध्ये निओप्रीनचा पॅड. त्याला जागेवर धरायला फक्त घर्षण. यात लबाडी होती असं नाही. हा भाग २००३ पर्यंत भूकंपप्रवण म्हणून धरलाच नव्हता.

आता छोटं गणित. घर्षणांक समजा ०.३. आडवं बल वजनाच्या प्रमाणात वाढतं आणि घर्षणही, त्यामुळे वजन दोन्हीकडून उडून जातं. बीम कितीही जड असो, छपराच्या पातळीला ०.३ जी ओलांडलं की तो घसरणार. (जड म्हणजे पक्कं, ही माझी समजूत इथेच मोडली.) त्यात उभा धक्का धरा. मिरांडोला गावातल्या यंत्रावर २९ मेला उभं त्वरण ०.८ जीपेक्षा जास्त नोंदलं गेलं. एखाद्या क्षणी बीमचा दाब निम्मा झाला, तर मर्यादा ०.१५ जी!

म्हणून अशी शेड तपासताना नुसत्या भेगा बघून भागत नाही, शिडी लावून जोड बघावा लागतो. डॉवेल आहे का? बीमचं टोक किती सेंटीमीटर टेकलंय? आधीच्या धक्क्यात ते सरकलंय का? समोरासमोरचे कॉलम वेगवेगळे हलले तर टेकू पुरेल का? फ्रॅजिलिटी कर्व्ह, म्हणजे अमुक धक्क्याला अमुक नुकसान होण्याची शक्यता, फक्त कॉलमच्या ताकदीवरून काढला तर शेड छान पास होते. बीम निसटणं हेही फेल्युअर धरलं की तोच कर्व्ह डावीकडे सरकतो.

जून २०१२ मध्ये इटलीच्या सरकारने शेड तात्पुरती वापरायला देण्याआधी तीन दोष काढायला सांगितले: जोड नसणं, बाहेरची पॅनेल नीट न अडकवलेली असणं आणि जड मालाचे रॅक आधाराविना उभे असणं. तिसरा वाचून मला हसूच आलं. मग चीजच्या गोदामाचे फोटो बघितले. एकेक चाक चाळीसेक किलोचं, आणि रॅकच्या रांगाच्या रांगा आडव्या!

आपल्याकडेही २००१ च्या भूज भूकंपात कच्छमधल्या प्रीकास्ट शाळा कच्च्या जोडांमुळे पडल्या होत्या. २६ जानेवारी होती, वर्ग रिकामे होते.

मागच्या इंडस्ट्रियल व्हिजिटला मी तिथल्या सुपरवायझर काकांना विचारलं, “वर बीमला बोल्ट आहे का हो?” ते म्हणाले, “इतकी वर्षं काही हललं नाही, बाळा.” शिडी मागितली, ती मिळाली नाही. ड्रॉइंग पाठवतो म्हणालेत. सरांनी परवा पुन्हा फोन केलाय.