धुळीच्या मुलखात इंजिनाचा श्वास : एअर क्लीनर बदलण्यापूर्वी काय पाहावे?

जालना जिल्ह्यातील जाफ्राबाद तालुक्यात टेंभुर्णी व परिसरातील गाड्यांचा निम्मा जन्म डांबरी रस्त्याबाहेर जातो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आणि उन्हाळ्यात त्याच मातीची पिठासारखी धूळ. शेतरस्त्यावर चालणारी जीप, फोर-व्हील पिकअप आणि ट्रॅक्टर यांची दुरुस्ती करणारे, सुटे भाग विकणारे आणि स्वतः गाडी चालवून रोजी कमावणारे आपले अनेक बांधव आहेत. त्यांच्यासमोर अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो. गिऱ्हाईक म्हणते, "मिस्त्री, गाडी ओढत नाही, मोठा एअर फिल्टर बसवून द्या." अशा वेळी काय बसवावे आणि काय बसवू नये, याचा विचार या लेखात करू.

प्रथम इंजिनाला हवा किती लागते ते पाहू. अडीच लिटरचे साधे डिझेल इंजिन २,००० फेऱ्यांवर चालत असेल, तर ते मिनिटाला सुमारे २,१०० लिटर हवा ओढते. म्हणजे दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच खोलीतील सर्व हवा ते तेरा-चौदा मिनिटांत पिऊन टाकते. या हवेबरोबर जी धूळ आत जाते, ती ऑईलमध्ये मिसळून पॉलिश पेपरसारखे काम करते. रिंगा आणि लायनर घासले जातात, ब्रीदरमधून धूर येऊ लागतो, ऑईल कमी होते आणि सकाळी गाडी लवकर चालू होत नाही. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ क्लीनरमध्ये सहज अडकते. खरा घात करते ती केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक असलेली धूळ.

बाजारात साधारण तीन प्रकारचे क्लीनर मिळतात. पहिला जुना ऑईल बाथ. यात हवा ऑईलच्या पृष्ठभागावर आपटून वळते, जड धूळ ऑईलमध्ये पडते व उरलेली ऑईलने भिजलेल्या जाळीत अडकते. तो धुऊन पुन्हा वापरता येतो, म्हणून स्वस्त पडतो. परंतु इंजिन हळू चालत असताना हवेला जोर नसतो आणि धूळ कमी पकडली जाते. गाडी फार तिरपी झाली की ऑईलही हलते. दुसरा कागदी एलिमेंटचा कोरडा क्लीनर. बारीक धूळ अडविण्यात हा सर्वांत सरस, मात्र तो वेळेवर बदलावा लागतो. तिसरा ऑईल लावलेल्या सुती जाळीचा, रंगीत आणि चकचकीत "जास्त हवेचा" फिल्टर. यातून हवा मोकळी जाते हे खरे, पण सर्वसाधारणपणे बारीक धूळही कागदापेक्षा जास्त जाते.

मग जास्त हवेने ताकद वाढत नाही का? येथेच बहुतेकांची फसगत होते. डिझेल इंजिनाची ताकद पंप किती डिझेल देतो यावर ठरते. मूळ क्लीनर स्वच्छ असेल तर इंजिनाला पुरेशी हवा आधीच मिळत असते. नवा फिल्टर लावून आवाज मोठा होतो आणि चालकाला वाटते की ताकद वाढली. त्यातून तो उघडा फिल्टर बॉनेटखाली बसविला, तर नुकसानच होते. बाहेरची हवा ४० अंश आणि बॉनेटखालची ७० अंश असेल, तर आत जाणाऱ्या हवेचे वजन जवळजवळ ९ टक्क्यांनी घटते. म्हणजे पैसे देऊन गरम, विरळ आणि धुळीची हवा विकत घेतली असे होते.

म्हणून गाडी ओढत नसेल तर नवा माल विकण्यापूर्वी या तपासण्या कराव्यात.

१) क्लीनरनंतरच्या पाइपात पांढरे स्वच्छ फडके फिरवावे. धूळ लागली तर फिल्टर कितीही भारी असला तरी उपयोग नाही. होज पाइप चिरलेला, क्लिप सैल किंवा रबर वायसर बसलेले आहे, हे समजावे.

२) टर्बो नसलेल्या जुन्या जीप-ट्रॅक्टरवर इंजिन हळू चालू ठेवून क्लीनरचे तोंड सपाट फळीने बंद करावे. इंजिन बंद पडले पाहिजे. चालूच राहिले तर हवा कोठून तरी चोरून आत येत आहे. हाताने तोंड कधीही बंद करू नये.

३) ऑईल बाथमध्ये ऑईल खुणेपर्यंतच भरावे. जास्त भरलेले ऑईल इंजिन ओढून घेते आणि डिझेल बंद करूनही इंजिन त्या ऑईलवर बेफाम पळू शकते.

४) कागदी एलिमेंट जमिनीवर आपटू नये व त्यावर कॉम्प्रेसरची जोरदार हवा मारू नये. हवा मारायचीच तर कमी दाबाने, आतून बाहेर. नंतर आत बल्ब धरून पाहावे. छिद्रातून उजेड दिसला तर एलिमेंट फेकून द्यावा.

हे सर्व ठीक असूनही धुळीचा त्रास असेल, तर सुधारणा पुढील क्रमाने करावी. सर्वांत आधी प्री-क्लीनर. त्यात हवा भोवऱ्यासारखी फिरते व जाड धूळ बाहेर फेकली जाऊन भांड्यात जमते. मुख्य एलिमेंटचे काम हलके होते व तो जास्त दिवस टिकतो. मळणीच्या हंगामात भुसा आणि कापसाची तूस तोंडाच्या जाळीवर बसते, ती रोज काढावी. दुसरे, हवा घेण्याचे तोंड उंच करणे. चाकांनी उडविलेली धूळ खाली दाट आणि वर विरळ असते. म्हणून टपाच्या उंचीपर्यंत नेलेला पाइप, म्हणजे स्नॉर्कल, धुळीत खरोखर उपयोगी आहे. तिसरे, क्लीनर चोंदला की सांगणारा इंडिकेटर. तो असला की एलिमेंट अंदाजाने लवकर किंवा उशिरा बदलला जात नाही.

स्नॉर्कलबाबत एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाइप उंच केला म्हणजे गाडी पूर्णा नदीच्या पुरातून जाईल असे नाही. क्लीनरच्या डब्याचा एक जरी सांधा उघडा असेल तर पाणी तेथूनच आत जाते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन एका क्षणात निकामी होते. शिवाय गिअर बॉक्स, एक्सल आणि वायरिंग यांना स्नॉर्कल वाचवीत नाही. गिऱ्हाइकाला हे स्पष्ट सांगावे.

नव्या गाड्यांबाबत अधिक जपावे. एप्रिल २०२० पासून बी. एस. ६ नियम लागू झाले. अशा अनेक गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर असतो. ऑईल लावलेल्या फिल्टरमधील ऑईल त्यावर बसले की माप चुकते. वॉरंटीचा प्रश्नही उभा राहतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच अर्थाचा निकाल दिला. म्हणून बदल करण्यापूर्वी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये व आर. टी. ओ. कडे विचारणा करून घ्यावी.

शेवटी व्यापाराची गोष्ट. चकचकीत फिल्टर विकला तर नफा एकदाच मिळतो. पण वर्षभरात इंजिन उतरवावे लागले, तर ज्याची रोजी त्या गाडीवर आहे त्याचे घर अडचणीत येते, आणि आपल्या दुकानाचे नावही जाते. मालातील ऐब सांगून विकणे ही आपल्या दीनची शिकवण आहे. "तुमच्या गाडीला नवा फिल्टर नको, फक्त होज पाइप आणि दोन क्लिपा बदला," असे सांगणारा मिस्त्री त्या दिवशी कमी कमावतो. परंतु तेच गिऱ्हाईक पुढे ट्रॅक्टर घेऊन येते, भावाची जीप घेऊन येते. हलाल रोजीतील बरकत ती हीच. इंजिन उघडण्याआधी क्लीनर उघडा, आणि क्लीनर विकण्याआधी पाइप पाहा, एवढे सूत्र गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या मुलांना पहिल्या दिवसापासून शिकवावे.